जमशेटजींची गिरणी आणि कंपन्यांची बांधिलकी

कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाला आता एक तप होत आले. २०१३ साली संमत झालेल्या आणि १ एप्रिल २०१४ पासून अंमलात आलेल्या या तरतुदीने मोठ्या कंपन्यांवर असे बंधन घातले की, मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकी निदान दोन टक्के रक्कम त्यांनी समाजोपयोगी कामांवर खर्च करावी आणि ती करताना आपला कारखाना अथवा खाण ज्या परिसरात आहे त्यास अग्रक्रम द्यावा. भंडारा जिल्ह्यात या तरतुदीविषयी आस्था असावी हे साहजिकच आहे. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगेनीजच्या खाणी आहेत, वरठीला पोलादाचा कारखाना आहे, गडेगावला मोटारवाहनांचा आहे. कुठे शाळेची खोली, कुठे पाण्याची टाकी, कुठे नेत्रतपासणीचे शिबिर, आणि त्यावर देणाऱ्याच्या नावाचा फलक, हे दृश्य देशातील कोणत्याही औद्योगिक परिसराला आता परिचित झाले आहे. यात गैर असे काही नाही. ज्या गावाला टाकी मिळाली त्या गावाला पाणी मिळाले, आणि फलकाचा रंग पाण्याला लागत नाही.

परंतु याच कायद्याखालील नियमांत एक बारीकशी अट आहे, तिच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. कंपनीने आपल्या नोकरांच्याच हितासाठी केलेला खर्च या दोन टक्क्यांत धरता येत नाही. अटीमागचा हेतू उघड आणि योग्यही आहे. नोकरांना जे द्यावयाचेच आहे ते समाजसेवा म्हणून मिरवण्याची सोय कंपनीला राहू नये, एवढाच तो हेतू. मात्र त्याचा परिणाम असा झाला आहे की, सामाजिक बांधिलकी म्हणजे कारखान्याच्या फाटकाबाहेर होणारा खर्च, हे समीकरण लोकांच्या आणि कंपन्यांच्याही मनात पक्के बसत चालले आहे. फाटकाच्या आत काय होते हा जणू निराळाच विषय.

हे समीकरण तपासून पाहावयाचे तर भंडाऱ्याहून सुमारे साठ किलोमीटरवर, नागपुरात उभ्या राहिलेल्या एका गिरणीकडे आणि तिच्या संस्थापकाच्या चरित्राकडे पुन्हा एकदा पाहावे लागते. जमशेटजी नसरवानजी टाटा यांचे नाव शाळेच्या पाठ्यपुस्तकातून सर्वांना ठाऊक आहे, पण ते बहुधा पोलाद, ताजमहाल हॉटेल आणि बंगळूरची विज्ञानसंस्था या तीन गोष्टींशी जोडलेले असते. यांपैकी पोलादाचा कारखाना आणि विज्ञानसंस्था त्यांच्या हयातीत उभ्याही राहिल्या नव्हत्या. त्यांच्या हयातीत सत्तावीस वर्षे अखंड चाललेली आणि त्यांना घडवणारी संस्था होती ती नागपूरची एम्प्रेस मिल.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे, पारशी पुरोहितांच्या घराण्यात झाला. पिढ्यान्‌पिढ्या अग्यारीची सेवा करणाऱ्या या कुळात व्यापाराकडे वळणारे पहिले गृहस्थ म्हणजे त्यांचे वडील नसरवानजी. मुलगा मुंबईस येऊन एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाला आणि १८५८ साली, म्हणजे उत्तर हिंदुस्थानातील उठाव शमत असता, शिक्षण संपवून बाहेर पडला. पुढल्याच वर्षी वडिलांच्या पेढीच्या कामासाठी तो हाँगकाँगला गेला. येथे चरित्रकार थोडे घाईने पुढे सरकतात. पण सांगितले पाहिजे ते असे की, त्या काळच्या मुंबईच्या बहुतेक पेढ्यांप्रमाणे या पेढीचाही चीनशी व्यापार कापसाचा तसाच अफूचा होता. तो कायद्याने चालत होता, प्रतिष्ठितही मानला जात होता. आणि त्याने चीनमधील असंख्य संसारांची राख होत होती. ज्या माणसाच्या नावाने आज व्यापारातील सचोटीचे दाखले दिले जातात त्याच्या उमेदवारीच्या वर्षांतील हा व्यवहार झाकून ठेवण्यात स्वारस्य नाही. नीती ही जन्मजात मिळालेली वस्तू नसून माणूस आपल्या काळाच्या चौकटीतून तिच्याकडे हळूहळू सरकत असतो, हे त्यावरून उलट अधिक स्पष्ट होते.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६५ साली ते युद्ध संपताच तो उतरला. मुंबईच्या बँका आणि पेढ्या पत्त्यांच्या बंगल्यासारख्या कोसळल्या. जमशेटजी त्या वेळी लंडनला होते. त्यांच्याजवळच्या हुंड्यांची किंमत कागदाइतकी उरली. त्यांनी धनकोंपुढे जाऊन सर्व हिशेब उघडा मांडला, आणि धनकोंनी विश्वास ठेवून त्यांचीच थोडक्या पगारावर अवसायक म्हणून नेमणूक केली. दिवाळे निघालेल्या माणसाच्या हाती त्याच्याच दिवाळ्याचा निवाडा सोपवणे ही विरळा गोष्ट. त्यांच्या पुढील आयुष्यातील हिशेबांच्या काटेकोरपणाचे मूळ या अपमानास्पद महिन्यांत असावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. घराण्याची विस्कटलेली घडी पुन्हा बसली ती १८६८ च्या ॲबिसिनियावरील स्वारीत लष्कराला रसद पुरवण्याच्या मक्त्यातून. म्हणजे पुन्हा एकदा साम्राज्याच्या मोहिमेतूनच. पुढे चिंचपोकळीची एक बुडालेली तेलाची गिरणी विकत घेऊन त्यांनी तिची कापडाची गिरणी केली आणि दोन वर्षांत ती नफ्याने विकली. मग लँकेशायरला जाऊन तेथील धंदा जवळून पाहिला आणि परत आल्यावर हिंदुस्थानात गिरणी कुठे काढावी याचा शोध सुरू केला.

त्या काळी गिरणी म्हटली की मुंबई, हा संकेत ठरून गेला होता. जमशेटजींनी तो मोडला. कापूस जेथे पिकतो, कोळसा जेथे जवळ आहे आणि कापड घेणारा जेथे राहतो तेथे गिरणी हवी, असा त्यांचा साधा हिशेब होता. नागपूरला १८६७ मध्ये रेल्वे पोहोचली होती, वऱ्हाडचा कापूस हाताशी होता, वरोऱ्याचा कोळसा दूर नव्हता. १८७४ साली पंधरा लाखांच्या भांडवलावर सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा घेऊन तीत भराव घालण्यास सुरुवात झाली तेव्हा, जमिनीत सोने पुरून खड्डा बुजवणारा हा कोण वेडा, अशा अर्थाचे उद्गार काढून नागपूरच्या एका सावकाराने भांडवल देण्याचे नाकारले. पुढे त्यानेच, या गृहस्थाने माती पुरून सोने काढले, अशी कबुली दिली, अशी आख्यायिका आहे. १ जानेवारी १८७७ रोजी, ज्या दिवशी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर झाले, त्याच दिवशी गिरणी सुरू झाली आणि तिला सम्राज्ञीचे नाव मिळाले. सुमारे तीस हजार चात्या आणि साडेचारशे माग असा तिचा आरंभीचा पसारा होता.

आता याच १८७७ सालातली दुसरी गोष्ट. गिरणी सुरू झाली त्याच वर्षी तिच्यातील विणकरांनी मजुरीच्या दरावरून काम बंद केले. हिंदुस्थानातील गिरणी-कामगारांचा पहिला ज्ञात संप म्हणून मजूर चळवळीच्या इतिहासात या प्रसंगाचा उल्लेख होतो. कामगारकल्याणाचा आदर्श म्हणून जिचा गौरव झाला त्या गिरणीचा कामगारांशी पहिला परिचय असा झाला, हे गौरवग्रंथांतून क्वचितच वाचावयास मिळते. तो संप करणाऱ्यांची नावेही मागे उरली नाहीत. परंतु कामगारकल्याणाची पुढली पाने वाचताना हे पहिले पान उलटून टाकता कामा नये.

आरंभीची वर्षे कठीणच गेली. पहिली यंत्रसामग्री स्वस्तातली निघाली, भागांचा भाव कोसळला, आणि नागपूरचे कामगार मुंबईच्या कामगारांप्रमाणे रोज भोंग्यावर हजर राहण्यास तयार होईनात. शेतीचा हंगाम आला, लग्नसराई आली, दोन पैसे गाठीला जमले, की माणूस गावी निघून जाई. भंडाऱ्याकडचा, वैनगंगेच्या खोऱ्यातला धानशेतकरी रोवणीच्या दिवसांत शहरात कसा टिकेल? त्या काळच्या इतर मालकांचा यावरचा उपाय होता दंड. पगार कापावा, मागील मजुरी अडकवून ठेवावी, मुकादमाकरवी दम भरावा. जमशेटजी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता यांनी वेगळी वाट धरली. बेझनजी हे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरीतून आलेले. त्यांना गिरणीचा अनुभव शून्य होता, आणि जमशेटजींनी त्यांना मुद्दाम तशासाठीच निवडले असावे. यंत्रांची बाजू जेम्स ब्रुक्सबी या इंग्रज तज्ज्ञाने सांभाळली. या तिघांनी मिळून पुढल्या वीस-पंचवीस वर्षांत जे केले ते असे.

नियमित हजेरीला बक्षिसे सुरू झाली आणि वार्षिक बक्षीस समारंभ हा गिरणीचा सण बनला. कातणखात्यात कोंडलेली उष्ण हवा बाहेर जाण्यासाठी वायुवीजनाची व्यवस्था झाली, हवेत ओलावा सोडणारी यंत्रे बसली, आग लागताच आपोआप पाणी सोडणारे नळ छताला लागले. १८८६ मध्ये दीर्घ सेवेनंतरच्या निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला. १८९५ मध्ये कामावर जायबंदी होणाऱ्यांना नुकसानभरपाई देण्याची पद्धत आली. १९०१ मध्ये भविष्यनिर्वाह निधी आला. या तारखांपुढे कायद्याच्या तारखा ठेवून पाहाव्यात. अपघाताच्या भरपाईचा कायदा देशात झाला तो १९२३ साली, भविष्यनिर्वाह निधीचा १९५२ साली. आज शिक्षकाच्या आणि कारकुनाच्या पगारपत्रकात दरमहा जी कपात दिसते, आणि जिच्याकडे पाहून प्रत्येकाच्या कपाळाला प्रथम आठी पडते व निवृत्तीच्या वेळी ती उलगडते, तिचे एक जुने मूळ नागपूरच्या या गिरणीत आहे.

या कार्यामागचा हेतू दयेचा होता काय? जमशेटजींनी स्वतः तसा दावा केला नाही, आणि हेच त्यांच्या विचारातील खरे मोल आहे. आपण इतरांहून अधिक उदार अथवा निःस्वार्थी आहोत असे त्यांना म्हणावयाचे नव्हते. भागधारकांचे हित आपले मानणे आणि कामगारांचे आरोग्य व स्वास्थ्य हा धंद्याचा पाया मानणे, ही सरळ व्यापाराचीच तत्त्वे आहेत, अशी त्यांची भूमिका होती. हवेतला ओलावा माणसापेक्षा सुतासाठी अधिक होता. कोरड्या हवेत धागा तुटतो. आगीचे नळ विम्याच्या हिशेबातही बसत होते. हजेरीच्या बक्षिसांनी बक्षिसाहून अधिक उत्पादन वाढवले. टीकाकार म्हणेल, मग यात नीती कुठली? उत्तर असे की, स्वार्थ आणि न्याय जेथे एकाच दिशेने जातात तेथे तरी दोघांना बरोबर जाऊ देणे हेही त्या काळच्या शंभरातल्या नव्वद मालकांना सुचले नव्हते. परोपकाराचा लहरी झरा आटला म्हणजे आटला. धंद्याच्या हिशेबातच जे बसवले ते मालकाच्या मनःस्थितीवर अवलंबून राहत नाही.

तरीही श्रेय एकट्या मालकाच्या पदरात घालणे इतिहासाला धरून होणार नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी-कामगारांच्या सभा भरवून, साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार करून रविवारची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघातात जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन या मागण्या मांडल्या होत्या. म्हणजे नागपूरच्या गिरणीत भरपाईची पद्धत आली त्याच्या अकरा वर्षे आधी मराठी कामगार ती हक्क म्हणून मागत होता. १८८१ चा पहिला कारखाना कायदा मुलांना सात वर्षांनंतर कामाला लावू देत होता, आणि प्रौढ पुरुषाच्या कामाच्या तासांना त्यात मर्यादाच नव्हती. एवढ्या कायद्यालाही देशी गिरणीमालकांचा आणि राष्ट्रीय म्हणवणाऱ्या वृत्तपत्रांतील पुष्कळांचा विरोध होता. लँकेशायरच्या मालकांनी देशी धंदा मारण्यासाठी रचलेला हा डाव आहे, असे ते म्हणत. त्या म्हणण्यात तथ्यांश होता. पण त्या आडोशाने सात वर्षांचे पोर मागाखाली काम करीत राहिले, हेही खरेच. एम्प्रेस मिल या काळाच्या बाहेर नव्हती. तिचे तास आजच्या दृष्टीने अमानुषच होते.

जमशेटजींच्या नीतीची आणखी एक बाजू कामगारांशी नव्हे तर भागधारकांशी निगडित आहे, आणि ती आजच्या काळाशी अधिक जुळते. त्या वेळी गिरण्या चालवीत त्या मॅनेजिंग एजंटांच्या पेढ्या. एजंटाचे कमिशन असे ते दर रतल मालामागे पाव आणा. गिरणीला नफा होवो, न होवो. माल विकला जावो अथवा गोदामात कुजो. सूत निघाले की एजंटाचा पाव आणा ठरलेला. साहजिकच अधिक माल काढण्याकडे त्याचा कल असे, चांगला माल काढण्याकडे नव्हे, आणि गिरणी बुडाली तरी एजंट तरून जाई. जमशेटजींनी ही प्रथा नाकारून एजंटाचा मोबदला नफ्याशी बांधला. भागधारक उपाशी असताना व्यवस्थापकाने जेवू नये, इतका साधा हा विचार. कंपनी तोट्यात असताना संचालकांचे वेतन वाढल्याच्या बातम्या आजही अधूनमधून वाचाव्या लागतात, तेव्हा हा पाव आणा आठवतो.

१८८६ मध्ये त्यांनी कुर्ल्याची डबघाईला आलेली धरमसी मिल घेतली आणि तिचे स्वदेशी मिल असे नामकरण केले. अंदाज चुकले, यंत्रे निकामी निघाली, भागांचे भाव घसरले, आणि पैसा उभा करण्यासाठी त्यांना आपले एम्प्रेस मिलचे भाग विकावे लागले. नागपूरची माणसे कुर्ल्यास नेऊन ती गिरणी त्यांनी हळूहळू सावरली. कंपनी गुंडाळून मोकळे होण्याचा मार्ग खुला असता त्यांनी तो घेतला नाही.

नंतरची दाने सर्वश्रुत आहेत. १८९२ मध्ये विलायतेत उच्च शिक्षण घेणाऱ्यांसाठी त्यांनी निधी स्थापला, पण रक्कम देणगी म्हणून न देता कर्ज म्हणून दिली, म्हणजे एकाने फेडलेल्या पैशातून दुसरा शिकावा. १८९८ मध्ये संशोधनसंस्थेसाठी आपली सुमारे निम्मी मालमत्ता, म्हणजे त्या काळचे तीस लाख रुपये, देऊ केली. सरकारी दप्तरदिरंगाईत ती योजना रखडली आणि १९०९ मध्ये, दात्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, बंगळूरची संस्था स्थापन झाली. ही दाने अलौकिकच होत. मात्र एक गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. आजच्या १३५ व्या कलमाच्या कसोटीवर या शैक्षणिक देणग्या अगदी चोख उतरतील, आणि निवृत्तिवेतनापासून भविष्यनिर्वाह निधीपर्यंत नागपूरच्या गिरणीत जे काही झाले ते सारे बाद ठरेल. एका पैचेही श्रेय मिळणार नाही. या दोहोंत देशाच्या अधिक माणसांच्या आयुष्याला कोणत्या गोष्टीने अधिक स्पर्श केला, हे ज्याने त्याने ठरवावे. प्रस्तुत लेखकाचे मत गिरणीच्या बाजूने आहे.

पण गिरणीच्या हिशेबातही एक पान कोरे होते, आणि ते भंडाऱ्याचे होते. या जिल्ह्याचे जुने वैभव दोन गोष्टींत: तांब्यापितळेच्या भांड्यांत आणि विणकामात. पवनी, मोहाडी, आंधळगाव येथील कोष्ट्यांच्या मागांवर रेशीमकाठी धोतरे आणि लुगडी विणली जात. जाडेभरडे, टिकाऊ, शेतकऱ्याच्या अंगावरचे कापड गावोगावचे महार विणकर विणीत. आणि या सर्वांना लागणारे सूत घरोघरच्या स्त्रिया चरख्यावर कातीत. विलायती सुताने या चरख्याला पहिला धक्का दिला होताच. नागपूर आणि भंडाऱ्यातून पूर्वेकडे रेल्वे गेली आणि देशी गिरणीचे स्वस्त, एकसारखे सूत दाराशी येऊन पडले, तेव्हा तो उरलासुरलाही थांबला. रेशीमकाठी कापड विणणारा कोष्टी त्या गिरणीच्या सुतावर तग धरून राहिला. किंबहुना गिरणीचे सूत हाच त्याचा आधार झाला. जाडे कापड विणणाऱ्याला तो आधार मिळाला नाही, कारण त्याचे गिऱ्हाईकच गिरणीने नेले. त्यांतले अनेक विणकर पुढे नागपूरच्या गिरणीत मजूर म्हणून गेले, आणि निवृत्तिवेतनाच्या व निधीच्या वहीत त्यांचे नाव चढले. जे गेले नाहीत त्यांचे, आणि चरखा थांबलेल्या स्त्रियांचे, नाव कोणत्याच वहीत नव्हते. त्या नोकर नव्हत्या, भागधारक नव्हत्या, देणगीला पात्र विद्यार्थीही नव्हत्या. १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९०० मध्ये मध्य प्रांतावर दुष्काळ कोसळले तेव्हा ज्या घरात शेतीला जोड म्हणून सुताचे चार पैसे येत ते घर अधिक उघडे पडले.

याचा दोष एकट्या जमशेटजींवर टाकणे अन्यायाचे होईल. त्यांनी गिरणी काढली नसती तर ते सूत मँचेस्टरहून आले असतेच. परंतु उद्योगामुळे ज्यांचे नुकसान होते आणि जे उद्योगाच्या कोणत्याच नात्यात बसत नाहीत, त्यांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्यांच्यासारख्या विचारी माणसालाही पडल्याचे दिसत नाही. तो त्यांच्या काळाचा आंधळा ठिपका होता. आपल्या काळाचाही आहे.

शेवटची वर्षे पोलादाच्या ध्यासात गेली. १८८२ मध्ये फॉन श्वार्त्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोहखनिजावरील अहवाल त्यांच्या वाचनात आला होता आणि तेव्हापासून हा विषय त्यांच्या मनातून गेला नाही. खाणकामाचे नियम सैल झाल्यावर त्यांनी चांद्यात शोध घेतला. लोखंड होते, त्याला साजेसा कोळसा नव्हता. पुढे त्यांचे पुत्र दोराबजी हे नागपुरात असता तेथील वस्तुसंग्रहालयात भूगर्भाचा नकाशा पाहतात काय आणि शोधाची दिशा दुर्ग जिल्ह्याकडे आणि तेथून मयूरभंज व साकचीकडे वळते काय, हा योगायोग विदर्भातल्या वाचकाला खास गोड वाटावा. कारखान्याची जागा ठरण्याआधीच, १९०२ मध्ये, जमशेटजींनी परदेशातून मुलाला पत्र लिहून कामगारांचे गाव कसे असावे हे कळवले होते. रस्ते रुंद, त्यांच्या कडेला लवकर वाढणारी सावलीची झाडे, हिरवळीला आणि खेळाला मोकळी जागा, आणि देवळे, मशिदी, चर्च यांसाठी राखलेल्या जागा. यंत्रे ठरली नव्हती, खनिज सापडले नव्हते, आणि या गृहस्थाला झाडांच्या सावलीची चिंता पडली होती. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत बाड नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले. पोलादाची कंपनी १९०७ मध्ये निघाली.

एम्प्रेस मिल मात्र पुढे ऐंशी वर्षांहून अधिक काळ त्याच घराण्याकडे राहिली. १९८६ मध्ये ती महाराष्ट्र राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद झाली. तिच्या जागेवर आता दुकानांची झगमगती इमारत आहे.

भंडारा जिल्ह्यापुढचा प्रश्न यामुळे थोडा निराळ्या रीतीने मांडता येतो. कारखान्यांत आणि खाणींत आज एक नवा वर्ग वाढला आहे: ठेकेदारामार्फत येणारा मजूर. तो कंपनीच्या हजेरीपत्रकात नसतो, म्हणून कायम नोकरांच्या पुष्कळशा सोयी त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. आणि दोन टक्क्यांतून गावात शिबिर भरते तेव्हा तो पाळीवर असतो. चरखा थांबलेल्या त्या बाईसारखाच तो दोन वह्यांच्या मधल्या फटीत पडलेला आहे. अपघाताचा प्रश्न तर या जिल्ह्याला पुस्तकी राहिलेलाच नाही. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतील स्फोटात कामगार मृत्युमुखी पडले, ते दुःख अजून ताजे आहे.

मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांना आता रोखे बाजार मंडळाच्या नियमानुसार दरवर्षी एक अहवाल द्यावा लागतो. त्यात सामाजिक खर्चाबरोबरच कामगारांचे अपघात, तक्रारी आणि ठेक्यावरील मजुरांसह सर्वांना मिळणारे निधी-विम्याचे संरक्षण यांचेही आकडे असतात. हा अहवाल इंग्रजीत छापला जातो आणि गुंतवणूकदार तो वाचतात. ज्या गावात टाकीवर कंपनीच्या नावाचा फलक लागतो त्या गावच्या ग्रामसभेत तो मराठीतून वाचून दाखवावा, अशी मागणी करण्यास नव्या कायद्याची गरज नाही. तुमसर किंवा मोहाडी तालुक्यातील एखाद्या ग्रामपंचायतीने तसा ठराव करावा, आणि गावच्या शाळेतील शिक्षकाने त्यातील आकडे फळ्यावर मांडून दाखवावेत: देणगी किती, अपघात किती, आणि ठेक्यावरच्या माणसांपैकी किती जणांच्या नावे निधीचे खाते आहे.